आपली कट्ची

अप्पा,

तुमच्या पक्षाने पुन्हा एकदा माझं डोकं फिरवलं आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचे थोरले भाऊ, आमचे पेरियप्पा, तर तुमच्याही आधी गेले, तिरुवल्लिक्केणीचं घर विकलं, तिथे आता खाली चष्म्यांचं दुकान आणि वर लॉज आहे, आणि तरी हा पक्ष काही आपल्या घरातून निघायचं नाव घेत नाही. माझी सत्तरी जवळ आली, अप्पा. इथेच मद्रासमध्ये, पेरुंगुडीला लेकाकडे एका उंच इमारतीत राहते. खिडकीतून समोर काचेची ऑफिसं दिसतात आणि संध्याकाळी गाड्यांची न हलणारी रांग. माझ्या वयाच्या बायका या वेळी खाली बागेत चालायला जातात, सिरियल बघतात, गुडघ्यांबद्दल बोलतात. मी मात्र सख्ख्या धाकट्या भावाशी, आपल्या तंबीशी, अबोला धरून बसले आहे, आणि तोही कशावरून, तर तुमच्या पक्षाच्या इतिहासावरून. तुम्ही असतात तर मी तुम्हाला समोर बसवून जाब विचारला असता. नाही आहात म्हणून लिहिते आहे.

ही मराठी तुम्हाला जरा पुस्तकी वाटेल. आपल्या घरात बोलायचो तशी नाही. आपली तंजावरकडची, 'होणा' आणि 'नक्को'वाली, मधे मधे तमिळचे तुकडे पडलेली. सून साताऱ्याची आहे, तिच्याबरोबर बोलून बोलून माझी भाषा सुधारली की बिघडली ते मला सांगता येत नाही. इंग्रजीत लिहिणं सोपं गेलं असतं, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तेवढं पक्कं करून घेतलं आहे. पण इंग्रजीत मला तुमच्यावर नीट चिडता येत नाही. लगेच 'डिअर' लिहावं लागतं.

झालं असं. तंबीचा मुलगा वकील झाला आहे, हे तुम्हाला माहीत नाही. चांगला आहे, मेहनती आहे, केस मात्र तुमच्यासारखे लवकर गेले. तो पक्षाच्या तरुणांच्या शाखेत आहे. आजच्या काळात, या गावात, या पक्षात तरुणांच्या शाखेत असणं म्हणजे काय ते मी तुम्हाला कसं सांगू! सभेला खुर्च्या जास्त आणि तरुण पन्नाशीचे. पण त्याने मनावर घेतलं आहे, आणि महापालिकेच्या निवडणुकीत त्याला वॉर्डाचं तिकीट हवं आहे. पक्षाची जिल्हा शाखा एक स्मरणिका काढायला निघाली होती. इथे तिला 'मलर' म्हणतात, म्हणजे फूल. तिच्यात जुन्या निष्ठावंत घराण्यांचे फोटो आणि पक्षाचा इथला इतिहास यायचा होता. काही पानं इंग्रजीत, दिल्लीला दाखवायला. एका रविवारी तो मिठाईचा डबा घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "अत्तै, आपल्या आजोबांवर, तात्तांवर, दोन पानं लिहून दे. तुझं इंग्लिश कॉन्व्हेंटचं आहे. मी लिहिलं तर वकिलाची नोटीस वाटते."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी कपाटातून तो फोटो काढला, गच्चीवरचा, तुम्ही आणि पेरियप्पा दोघांनी झेंड्याची एकच दोरी धरलेली. तुमचं धोतर वाऱ्याने फुगलेलं, पेरियप्पा तुमच्याकडे बघून काहीतरी बोलताहेत आणि तुम्ही हसू दाबताय. आणि मी लिहायला बसले. खालच्या पुढच्या खोलीत तुम्ही चालवलेली वाचनशाळा लिहिली. लांब बाकं, भिंतीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी, कोपऱ्यात चरखा, जो आम्ही मुलं गाडीचं चाक समजून फिरवायचो आणि मार खायचो. पेरियप्पा कॉलेज सोडून तुरुंगात गेले ते लिहिलं, आणि येताना जो खोकला घेऊन आले तो जन्मभर गेला नाही तेही. हिंदीविरुद्धच्या आंदोलनाचे दिवस लिहिले. आठवतं? आपल्या दारावर तुम्ही मराठीत पाटी लावली होती, आजोबांच्या नावाची. मुलांचा घोळका डांबराचा डबा घेऊन आला. त्यांना देवनागरी म्हणजे हिंदी, आणि त्यात घर तुमच्या पक्षाचं. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून तमिळमध्ये समजावत होतात, की हे हिंदी नव्हे, मराठी आहे, आम्ही कित्येक पिढ्या इथलेच. पुढचा पोरगा विचारात पडला आणि म्हणाला, "शरि सार, ठीक आहे, पण अक्षर तेच आहे ना?" वरून जिन्यातून पेरियप्पा ओरडले, "फास त्याला डांबर! नाहीतरी पाटीवर शुद्धलेखनाची चूक आहे!" पोरं हसायला लागली, तुम्हीही हसलात, पाटी काळी झाली. पुढे तुम्ही ती तमिळमध्ये केलीत.

हे सगळं मी लिहिलं. त्यानंतर एकच ओळ लिहिली, की पक्ष फुटला तेव्हा दोघे भाऊ वेगवेगळ्या बाजूंना गेले. एवढंच. एक साधं वाक्य. मी त्यात काय घडलं तेही लिहिलं नव्हतं.

भाच्याने दोन पानं वाचली, अंगठा दाखवला, हृदयं पाठवली, आणि ती ओळ काढून मजकूर मला परत पाठवला. फोटोखाली त्याने स्वतःच लिहिलं होतं: 'दोन भाऊ, एक पक्ष, शेवटपर्यंत एकत्र.' मी ओळ पुन्हा घातली. त्याने पुन्हा काढली. मग तंबीचा फोन आला.

"अक्का, एक ओळ. एक ओळ काढली तर काय आभाळ पडतंय?"

"मग ठेवली तर काय पडतंय?"

"पोराचं तिकीट पडतंय."

"अप्पा कुणाबरोबर गेले यावरून इतक्या वर्षांनी तिकीट पडत असेल तर ते तिकीट काय कामाचं?"

"तुला नाही कळायचं. समितीत विचारतात. घराणं सतत पक्षात होतं का, कधी बाहेर पडलं का. अप्पा बाहेर पडले होते असं आपणच छापून द्यायचं?"

"अप्पा बाहेर पडले नव्हते. अप्पा म्हणायचे, मी कुठेही गेलो नाही, पक्ष गेला."

"अगं, पेरियप्पा पण तेच म्हणायचे!"

"तेच तर मी लिहितेय!"

"काय लिहितेयस? कोण वाचणारेय? तुला कॉन्व्हेंटमध्ये शंभर टक्के खरं बोलायला शिकवलं, आम्ही कार्पोरेशनच्या शाळेतले. मग नको लिहूस. तुझी ओळ, तुझा फोटो, ठेव तुझ्याजवळ."

आणि त्याने फोन ठेवला. माझा धाकटा भाऊ, ज्याला मी कडेवर घेऊन बीचवर हरभऱ्याचं सुंडल खायला नेत असे, त्याने माझ्यावर फोन ठेवला. मी म्हटलं, ठीक आहे. मलाही आवाज न करता बसता येतं.

आता तुम्हीच सांगा, मी ते कसं पुसून टाकू? मी तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये वरच्या वर्गात नुकतीच गेले होते. तुमच्या हट्टापायी माझा गणवेश खादीचा शिवलेला. बाकीच्या मुलींच्या स्कर्टच्या चुण्या सुरीच्या धारेसारख्या, माझ्या प्रार्थनेनंतर दुसऱ्याच तासाला मोडलेल्या. शिवणाच्या सिस्टर मला बाजूला घेऊन खळ लावून इस्त्री करून द्यायच्या आणि म्हणायच्या, "चाइल्ड, तुझ्या वडिलांचं देशप्रेम फार लवकर चुरगळतं." मला रडू यायचं. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "सिस्टरना सांग, धुतलं की पुन्हा सरळ होतं." मी काही सांगितलं नाही. तुमच्या दोघांच्या मधले निरोप पोचवायला माझी तयारी कधीच नव्हती, पण पुढची कित्येक वर्षं मला तेच काम लागलं.

कारण त्याच वर्षी दिल्लीत काहीतरी झालं. काय ते मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की सकाळी रेडिओजवळ तुम्ही आणि पेरियप्पा मांडीला मांडी लावून बसला होतात आणि दुपारी पेरियप्पा आपली कॉफी घेऊन वर गेले. काकू कधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, आपणच त्यांचं घर. तुम्ही इथल्या म्हाताऱ्या पुढाऱ्याच्या बाजूने, ज्याच्या सभेला तुम्ही मला खांद्यावर नेलं होतं. पेरियप्पा दिल्लीच्या बाजूने. पक्षाची जुनी निवडणूक निशाणी दोघांपैकी कुणालाच मिळेना. तुमचा तो पत्र्याचा साचा, ज्यातून भिंतीवर रंग मारत तुम्ही अर्धी तिरुवल्लिक्केणी रंगवली होती, एका दिवसात भंगार झाला. आईने तो घासून दुधावर झाकायला घेतला. "बरं झालं," म्हणाली, "आतापर्यंत नुसतं माझं तेल घेत होता रंग काढायला. आता निदान वाफ तरी जाते." गच्चीवर दोन झेंडे लागले. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे आणि हसायचे. आपल्या घराला पोस्टमनही 'वरची कट्ची' आणि 'खालची कट्ची' म्हणायला लागला, म्हणजे वरचा पक्ष आणि खालचा पक्ष.

जेवायला मात्र दोघे एकाच स्वयंपाकघरात. वेगळी चूल मांडायला आईने साफ नकार दिला होता. पाट शेजारी शेजारी. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणायचात, "वरच्यांना सांग, सार गरम आहे." पेरियप्पा माझ्याकडे बघून म्हणायचे, "खालच्यांना सांग, मला नाक आहे." तुम्ही म्हणायचात, "नाक आहे ते सगळ्या मद्रासला माहीत आहे, दिल्लीपर्यंत पोचलं आहे." मग आई पळी आपटायची. "मी दोघांनाही सांगते, जेवा. कट्ची उद्यापण असेल, सार थंड होईल." आणि एकदा, श्राद्धाच्या दिवसांत, कुणी कार्यकर्ते कॉफीला आले तेव्हा तिने वैतागून म्हटलं होतं, "यांच्या पक्षापेक्षा पितरांचा पक्ष बरा. पंधरवड्यात आटोपतो, आणि पितर कॉफी मागत नाहीत." तुम्ही हसला नाहीत. वर जिन्यात कुणीतरी हसल्याचं मी ऐकलं.

वर्तमानपत्र एकच येत होतं, दोन कशाला. तुम्ही वाचून ते जिन्याच्या पायरीवर ठेवायचात, पेरियप्पा उचलायचे. दुपारी ते परत पायरीवर असायचं, समासात पेन्सिलीने लिहिलेलं: 'खोटं', 'हे कोण सांगतो', 'शाब्बास'. तुम्ही ते चष्मा लावून पहिल्या अक्षरापासून वाचायचात आणि खाली तुमचं लिहायचात. दुसऱ्या दिवशी कालचंच पत्र पुन्हा वर जायचं. मी एवढीशी पोर, पण मलाही वाटायचं, हे बोलत का नाहीत? एवढं लिहितात, तर दोन शब्द तोंडाने का नाही? आणि पेरियप्पा गेल्यावर तुम्ही वर्तमानपत्रच बंद केलंत. म्हणालात, डोळ्यांना ताण पडतो. डोळ्यांना!

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आहे सांगू? फुटला त्याचा नाही. पक्ष फुटतात. हा तर किती वेळा फुटला, तुमच्या नंतरही फुटला, जुळला, पुन्हा फुटला, आता त्याचे तुकडे मोजायला बसलं तर आपल्या नातलगांसारखं होईल, कोण कुणाचा कोण ते सांगता यायचं नाही. मला राग त्या दिवसाचा आहे, जेव्हा तुमचा म्हातारा पुढारी गेल्यावर काही काळाने इथले दोन्हीकडचे लोक परत एक झाले. फोटो आला होता वर्तमानपत्रात. दोन्हीकडचे पुढारी एका सोफ्यावर, गळ्यात एकमेकांचे हार, समोर बिस्किटं. मी तेव्हा कॉलेजला होते. मला इतका आनंद झाला की मी पत्र घेऊन आधी वर पळाले, मग खाली पळाले. मला वाटलं, झालं, संपलं. आज दोघे कॉफी एकत्र घेणार. पेरियप्पांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "खालच्यांना सांग, आले परत." तुम्ही बघितला आणि म्हणालात, "वरच्यांना सांग, गेले कोण होते?" आणि दोघांनी दार लावून घेतलं. गच्चीवर पुन्हा एकच झेंडा लागला, तोही आईनेच दोन्ही काढून एक लावला. ज्यांनी भांडण लावलं ते बिस्किटं खाऊन मोकळे झाले, मंत्री झाले, आणि तुम्ही दोघं तसेच राहिलात, पेरियप्पा जाईपर्यंत. मग तुम्हीच त्यांचं सगळं केलंत. दर वर्षी हातात तीळ आणि पाणी घेऊन, नाव आणि गोत्र उच्चारून त्यांना हाक मारायचात. जिवंत होते तोपर्यंत 'वरचे'. मी दाराआडून ऐकायचे आणि मला तुमच्या हातातलं ते पाणी उपडं करावंसं वाटायचं.

तर हे मी 'शेवटपर्यंत एकत्र' या तीन... दोन शब्दांत कसं बसवू?

सुनेला यातलं काही माहीत नव्हतं. तिला इकडे येऊन फार दिवस झालेले नाहीत, इथल्याच एका ऑफिसात ती कॉम्प्युटरवर काम करते, तमिळ अजून भाजीवाल्यापुरतं. परवा तिने टेबलावरचा फोटो उचलला आणि विचारलं, "आई, हे दोघे कोण?"

"माझे वडील आणि त्यांचे मोठे भाऊ. नंतर दोघांची कट्ची वेगळी झाली."

"कट्टी झाली? एवढ्या मोठ्या माणसांची? का?"

"कट्टी नव्हे गं, कट्ची. कट्ची म्हणजे पक्ष."

"अच्छा. मला वाटलं कट्टी. म्हणजे आम्ही लहानपणी म्हणायचो ना, जा, तुझी माझी कट्टी."

मला तो शब्द ऐकून माहीत होता, वापरात नव्हता. मी म्हटलं, "आमच्याकडे मुलं त्याला काय म्हणतात."

"काय म्हणतात?"

"काय."

"तेच तर विचारतेय, काय म्हणतात?"

"अगं, 'काय'च म्हणतात. तमिळमध्ये काय म्हणजे कच्चं फळ. भांडण झालं की काय, आणि परत जुळलं की पळम, म्हणजे पिकलेलं. दोन बोटं पुढे करायची."

ती खूप हसली. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी. मग तिने फोटो परत ठेवला आणि अगदी सहज विचारलं, "आमच्यात कट्टीनंतर बट्टी असते. मग या दोघांची बट्टी कधी झाली?"

मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली बघ. शिट्टी झाली नव्हती.

त्यात ती बिचारी आमच्या मधे अडकलेली. तंबी रोज संध्याकाळी फोन करतो, पण तिला. "तुझ्या सासूला सांग, बीपीची गोळी बदलली आहे, डॉक्टरांनी कळवलंय." मी तिला म्हणते, "मामांना सांग, मला वाचता येतं." काल ती फोन हातात धरून दोघांच्या मधे उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी ऑफिसात दिवसभर दोन सिस्टिम एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून डोकं खाजवते. घरी येऊन पण तेच करू?" फोनमधून तंबीने ऐकलं. हसला असावा. मग त्याने ठेवून दिला.

हे इथपर्यंत मी मंगळवारी लिहिलं होतं. पुढचं आज लिहिते आहे, कारण मधल्या वेळात बातमी आली. वॉर्ड पक्षाला मिळालाच नाही. मित्रपक्षाला गेला. वाटाघाटीत तुमच्या पक्षाच्या वाट्याला जे आलं त्यात आमच्या पोराचा वॉर्डच नाही, तर तिकीट कुठून येणार? घराणं किती निष्ठावंत आहे, ते कधी बाहेर पडलं होतं का, हे त्याला कुणी विचारलंच नाही. आणि मलर? छपाईवाल्याकडून कागद परत मागवला आहे, पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. म्हणजे माझी ओळ जिच्यात छापायची नव्हती ती स्मरणिकाच निघणार नाही. अप्पा, मी खुर्चीत बसून मोठ्याने हसले. तुमच्या पक्षाशी भांडायला गेलं तर तो तिथे नसतोच. या राज्यात त्याची सत्ता गेली तेव्हा मी शाळकरी होते, तेव्हापासून तो दुसऱ्याच्या खांद्यावर बसून मिरवणूक बघतो आहे, कधी या खांद्यावर, कधी त्या. आणि आम्ही खाली उभे राहून एकमेकांचे गळे धरतो.

मला वाटलं, आता तंबीचा फोन येईल. भांडायचं कारणच गेलं. भाच्याला वाईट वाटलं असेल म्हणून मी त्याला मेसेज केला, त्याने उत्तर दिलं: "परवायिल्लै अत्तै, असू दे, मला सवय आहे." तिशीतल्या मुलाने लिहावं असं वाक्य आहे का हे? पण तंबीचा फोन आला नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. सुनेलाही त्याने केला नाही. मीही केला नाही. का करू? फोन त्याने ठेवला होता. मी स्वयंपाक करत होते, सार उकळत होतं, आणि मला एकदम हात थांबवून उभं राहावं लागलं. मलर नाही, तिकीट नाही, ओळ नाही, सगळं वरच्या वर मिटलं, बिस्किटं खाऊन झाली, आणि आम्ही दोघं दार लावून बसलो आहोत. तो पश्चिम माम्बलममध्ये, मी इथे. दोघांच्याही गोळ्या सारख्याच. त्याचं हृदय एकदा दुखून झालेलं आहे. मी तेव्हा विचार केला, की असंच राहिलं तर कोण आधी जाणार, आणि मग दुसऱ्याने दर वर्षी काय करायचं. मी गॅस बंद केला.

त्याने पहिल्याच घंटेला उचलला. त्याच्याकडे पंख्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "बघितलंस?"

"बघितलं."

"आपला वॉर्ड त्यांना दिला. त्यांना! ज्यांचा तिथे एक माणूस नाही!"

"एक आहे. तो पण गेल्या महिन्यापर्यंत तिसरीकडे होता."

"अय्यो, ते मला माहीतच नव्हतं! कुणी सांगितलं तुला?"

"आमच्या वॉचमनने."

"वॉचमनला माहीत आहे आणि जिल्हा समितीला माहीत नाही. काय कट्ची आहे ही, अक्का? काय कट्ची आहे!"

आणि मग आम्ही जे सुटलो ते सार परत तापवायची वेळ होईपर्यंत. दिल्लीपासून गल्लीपर्यंत एकाला सोडलं नाही. तुम्हालाही सोडलं नाही, अप्पा, आणि पेरियप्पांनाही. शेवटी तो म्हणाला, "ती ओळ मात्र मी तरी काढलीच असती." मी म्हटलं, "आणि मी पुन्हा घातली असती." "पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला. सून दारात उभी राहून ऐकत होती. हाताने विचारत होती, झालं का? मी तिला हातानेच जा म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून कपड्यांच्या घडीखाली ठेवून देईन, म्हणजे कुणी वाचायचं नाही. पण जाता जाता एक सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी तुमच्याहून मोठ्या मनाची निघाले. तसं काही नाही. मी माफ करून फोन केला नाही. त्याचं हृदय, गोळ्या, ते सगळं मनात आलं खरं, पण हात फोनकडे गेला तो दुसऱ्याच कारणाने. ती बातमी वाचल्यापासून मला कुणापाशी तरी कडाडून चिडायचं होतं. लेक म्हणतो, सोड गं आई. सुनेला यातलं कुणी माहीत नाही. तुमच्या या पक्षावर माझ्याइतकं चिडेल असं माणूस आता या गावात एकच उरलं आहे.